खाकी कोटाची फेरी

लग्न होऊन बेळगावहून बेंगळुरात आले त्याच आठवड्यात मी माझ्या सासऱ्यांना दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाचा कोट घालून, खाली धोतर आणि पायांत चपला अशा अवतारात गल्लीतून चाललेलं पाहिलं. नवी सून मी, कुणाला काही विचारायचीही चोरी. मनात म्हटलं, संपलं, वडिलांनी आपल्याला चांगलं वेड्यांच्या घरात दिलंय.

घर वेड्यांचं नव्हतं, शिंप्यांचं होतं. पेठेतल्या एका अरुंद गल्लीत खाली दुकान आणि वर आम्ही. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत आणि सासूबाईंना अक्का. त्यांची स्वतःची मुलंही तसंच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. कधीच्या काळी इकडं येऊन राहिलेली माणसं ही. घरात मराठीच बोलत, पण निम्मं वाक्य कानडीत जाऊन यायचं. अक्का म्हणायच्या, "स्वल्प मीठ घाल गं," आणि मी चिमूटभर घातलं की "सरी" म्हणून भांडं झाकायच्या. मला कानडी येत होतं, पण माझं बेळगावी कानडी ऐकून अक्का हसायच्या, आणि त्यांचं मराठी ऐकून मी तोंड फिरवून हसायची. फिटंफाट.

तर कोट. अण्णांचा एक नेम होता, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. कोट कच्च्या टाक्यांवर उभा राहिला, की गिऱ्हाइकाला ट्रायलला बोलावण्याआधी तो आपल्या अंगावर घालून गल्लीतून एक फेरी मारायची. दुकानाच्या पायरीवरून निघायचं, वाटेत थांबून दोन्ही हात वर-खाली करायचे, कोपऱ्यावरच्या कॉफीच्या हॉटेलापर्यंत जायचं, तिथल्या कट्ट्यावर बसायचं, उठायचं, वाकून चपलेला हात लावायचा आणि परत यायचं. "आरशापुढं सगळेच ताठ उभे राहतात गं," ते मला म्हणाले होते. "पण माणूस दिवसभर असा उभा राहतो काय? वाकतो, बसतो, घोड्याच्या जटक्यात चढतो. तेव्हा कोट काय करतो ते बघायला नको?" परत आले की दारातच निकाल द्यायचे. खांदा बसला. मागं फुगतंय. काखेत ओढतंय. मग कोट उतरायचा आणि टाके उसवायला बसायचे.

गिऱ्हाईक जाड असलं तर उशी लागायची. अण्णा म्हणजे नुसती काडी. मग अक्का वरून उशी आणून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं त्यांच्या पोटाला बांधायच्या आणि बांधताना तोंड चालूच. "हलू नका. श्वास घ्या. अहो, घ्या की मोठा. एवढासा श्वास घेऊन कुणी सावकार होतं काय?" अण्णा मुकाट्यानं श्वास घ्यायचे. गल्लीत कुणाला याचं काही वाटत नसे. हॉटेलवाला गल्ल्यावरून नुसता उशीकडं बघायचा आणि विचारायचा, "आज कोण, अण्णा?" अण्णा गिऱ्हाइकाचं नाव सांगून पुढं जायचे. मला हे सगळं पहिल्यांदा लाजिरवाणं वाटायचं, आणि वर्ष संपायच्या आत मी स्वतःच खिडकीत उभी राहून फेरी बघायला लागले होते.

पोलिसांतल्या साहेब लोकांना सरकारी शिलाई पसंत नसायची. एक पोशाख खात्याचा आणि एक अण्णांकडचा, असं त्यांचं असे. ज्या सालची ही गोष्ट, त्या साली लांबच्या एका ठाण्यातला नवा फौजदार खाकी कापड देऊन गेला. अंगानं अगदी अण्णांएवढा. पँट झाली होती, कोट कच्च्यावर आला होता. कमरेपाशी दोन्ही कसे बसतात ते बघायचं म्हणून अण्णांनी त्या दिवशी धोतर सोडून पँटही चढवली आणि निघाले. उशीची गरजच पडली नाही. अक्का नंतर कितीदा तरी म्हणाल्या, उशी असती तर वाचले असते. तसलं वाकडं पोट बघून आंधळ्यालाही कळलं असतं की हा फौजदार खरा नव्हे.

झालं होतं असं, की त्याच सुमाराला बाजारात कुणी भामटा खाकी घालून हिंडत होता आणि फूटपाथवर बसणाऱ्या बायकांकडून फुकट माल उचलत होता. आम्हाला याचा पत्ताच नाही. ठाण्यात मात्र तक्रारी गेल्या होत्या, आणि आमच्या भागात नुकताच बदलून आलेला एक तरुण शिपाई डोळ्यांत तेल घालून फिरत होता. त्याला दिसलं काय? अंगावर फौजदाराचा कोट, पायात चपला, डोकं उघडं, आणि हा इसम आमच्या समोर बसणाऱ्या फुलवालीच्या टोपल्यांपुढं उभा राहून हात वर करतोय, खाली करतोय.

मी वर पोळ्या लाटत होते. हॉटेलवाला जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाला, "अक्का, अण्णांना नेलं पोलिसांनी. कॉलर धरून नेलं." माझे यजमान तेव्हा राजाजीनगरला नव्यानं निघालेल्या एका कारखान्यात होते, संध्याकाळशिवाय यायचे नाहीत. अक्कांनी तवा उतरवला, विस्तवावर पाणी मारलं, पायांत चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "चल. आणि तू स्वल्प गप बस तिथं."

मी कसली गप बसते. माझे वडील बेळगावच्या कोर्टात बेलीफ होते, त्यामुळं कायदा म्हणजे आमच्या परसातली भाजी, अशी माझी समजूत. ठाण्याची पायरी चढल्या चढल्या मी टेबलामागच्या म्हाताऱ्या दफेदाराला कानडीत विचारलं, "वॉरंट कुठाय? वॉरंटाशिवाय धरताच कसं तुम्ही?" दफेदारानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागावला नाही. म्हणाला, "बाई, पोलीस नसताना पोलीस म्हणून फिरणं हा गुन्हा आहे, आणि त्याला वॉरंट लागत नाही. संशय आला तर जागेवर धरता येतं." अक्कांनी मला असा चिमटा काढला की त्याचा वळ दुसऱ्या दिवशीही होता.

अण्णा भिंतीकडेच्या बाकावर बसले होते. अंगात बनियन, खाली ती खाकी पँट, उजवा हात मांडीवर पालथा ठेवलेला. अंगठा आणि त्याच्या खालचा भाग सुजून निळा पडला होता. कोट टेबलावर होता आणि त्याची एक बाही खांद्यापासून निघून लोंबत होती. आम्हाला बघून अण्णा म्हणाले, "बाही गेली गं." हाताबद्दल काहीच नाही. अक्का इतका वेळ धीरानं चालत आल्या होत्या, त्यांनी त्यांच्यापुढं बसून तो सुजलेला हात ओंजळीत घेतला.

काय झालं ते आम्हाला अण्णांकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं. गल्लीत शिपायानं कॉलर धरली तेव्हा ते निमूट चालू लागले होते. मी शिंपी आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. पण धरलेला प्रत्येक माणूस काही ना काही सांगतोच. ठाण्यात आल्यावर शिपाई म्हणाला, कोट काढ. अण्णा काढू लागले, पण त्यांच्या पद्धतीनं. आत टाचण्या, कच्चा दोरा, एक खांदा सोडवायचा, मग दुसरा. शिपायाला एवढा दम कुठला? त्यानं मागून ओढला. आता दुसरा कुणी असता तर हात सोडून मोकळा झाला असता. आमच्या या महात्म्यानं दोन्ही मुठींनी कोट पुढून घट्ट धरून ठेवला. "हळू, हळू, फाटेल," म्हणत राहिले. पोलीस ठाण्यात, पोलिसाच्या अंगाशी झोंबत, परक्याच्या कोटासाठी. शिपायाला वाटलं, हा झटापट करतोय. बाही उसवली, कोट निघाला आणि मग त्यानं छडीनं हातावर मारलं. एकदा मारून थांबला नाही.

संध्याकाळी त्या कोटाचा मालक, तो नवा फौजदार, निरोप मिळताच आला. टेबलावरचा कोट बघितला, अण्णांकडं बघितलं, आणि कपाळाला हात लावून उभाच राहिला. मग सगळं भराभर झालं. जबाब लिहून घेतला, अण्णांना कुणीतरी कॉफी दिली, जा म्हणाले. अण्णांनी त्या फौजदाराची माफी मागितली. हो, यांनी त्याची. कोट वेळेवर मिळणार नाही म्हणून.

आमच्या समोरच्या माडीवर एक वकील राहायचे. कानडी माणूस, पण आमच्याशी हौसेनं मराठी बोलायचे आणि काळे कोट अण्णांकडूनच शिवून घ्यायचे. घरी आलो तेव्हा अक्का हळद लावायला निघाल्या होत्या. वकिलांनी त्यांचा हात धरायचं तेवढं बाकी ठेवलं. "थांबा. आधी डॉक्टर. सरकारी दवाखान्यात. आजच, आत्ताच. कशानं लागलं, कुणी मारलं, ते डॉक्टरला सांगा आणि त्याला लिहू द्या. सूज उद्या उतरेल, मग कोण मानतो?" त्यांनी स्वतः जटका थांबवला आणि बरोबर आले. अंगठ्याचं हाड चिरलं होतं.

परत येताना जटक्यात मी त्यांना माझी वॉरंटाची गोष्ट सांगितली. हसले नाहीत, म्हणाले, "दफेदार बरोबर होता. पोलिसाला काही गुन्ह्यांत संशयावर धरता येतं, संशयाला काहीतरी आधार हवा इतकंच. पण धरलं की त्याच्यावरही बंधनं येतात बाई. का धरलं ते सांगायला हवं. वकील मागितला तर भेटू द्यायला हवं. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायला हवं. आणि जोर लावायचा तो माणूस पळू नये, झुंजू नये एवढ्यापुरता. ताब्यात आलेल्या माणसावर हात उचलायचा अधिकार कुणालाच नाही, मोठ्या साहेबालाही नाही." अण्णा अंधारात ऐकत बसले होते. मग म्हणाले, "म्हणजे धरलं ते कायद्यात बसतं. मारलं ते बसत नाही." वकील म्हणाले, "आय्तु, झालं. समजलं तुम्हाला."

हात बांधलेला होता तोवर अण्णांनी शिवलं नाही, ते ठीकच. पण हात सुटल्यावरही काहीतरी बिघडलेलंच राहिलं. मशीन रस्त्याकडं तोंड करून असायचं, ते त्यांनी फिरवून भिंतीकडं केलं. उजेड कमी पडतो म्हटलं तर, "असू दे." कोट कच्च्यावर यायचा, हँगरला लागायचा आणि सरळ ट्रायलला जायचा. फेरी नाही. मी एकदा म्हटलं, "अण्णा, त्या वकिलांचा कोट झालाय की, जाऊन या." ते म्हणाले, "कशाला? लोक बघतात." अहो, जन्मभर लोक बघतच होते. पण आता त्यांना त्या गल्लीतून कॉलर धरून नेलेलं लोकांनी बघितलं होतं, आणि अण्णांच्या डोळ्यांपुढून तेच जात नव्हतं. देवळात जायला सुद्धा मागच्या बोळानं जायचे.

एका दुपारी अक्का उठल्या, नऊवारीवर वकिलांचा तो काळा कोट चढवला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही जात नसाल तर मी जाते. खांदा कसा बसलाय ते सांगा मागून बघून." समोरची फुलवाली पदर तोंडाला लावून हसायला लागली. अण्णाही हसले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी वाटच बघत होते, की आता उठतील आणि कोट हिसकावून घेतील. पण हसून झाल्यावर ते परत भिंतीकडं वळले. अक्का कोट काढून घडी घालून आत आल्या आणि चुलीपुढं बसून त्यांनी डोळे पुसले. धुरानं म्हणाल्या. चूल पेटलेलीच नव्हती.

त्या दिवशी मी वकिलांच्या माडीवर गेले आणि म्हटलं, तक्रार करायची. मला विचाराल तर त्या शिपायाला, त्या दफेदाराला, सगळ्या ठाण्यालाच मी खडी फोडायला पाठवणार होते. वकील म्हणाले, दोन वाटा आहेत. पोलिसांच्या वरच्या साहेबाकडं लेखी तक्रार करायची, ते चौकशी लावतात. नाहीतर सरळ मॅजिस्ट्रेटपुढं फिर्याद. डॉक्टरांचं लिहिलेलं आहे, त्यामुळं दोन्ही जमेल. आधी साहेबाकडं जाऊन बघू. मग त्यांनी अण्णांच्या वतीनं एक खणखणीत मजकूर तयार केला: बेकायदा अटक, शिवीगाळ, मारहाण, कोंडून ठेवणं, कोट फाडणं.

अण्णांनी तो ऐकला आणि मान हलवली. "अटक काढा. ती कायद्यात बसते, तुम्हीच सांगितलं. शिवीगाळ केली नाही त्यानं. कोट उसवला तो माझ्यामुळंही उसवला. मारलं, एवढंच ठेवा."

मी भडकले. "अण्णा, त्यांना तुमची दया आली होती काय?" वकीलही म्हणाले, मोठं मागावं तेव्हा थोडं मिळतं. अण्णा ऐकेनात. मापात असेल तेवढंच, म्हणाले. शेवटी तेवढंच ठेवलं, आणि खाली अण्णांनी वाकड्या अंगठ्यानं सही केली.

चौकशीला बोलावणं आलं तेव्हा आम्ही सगळेच गेलो, अक्का इस्त्रीचं लुगडं नेसून. साहेब चांगले भरदार पोटाचे होते, मिशा पांढऱ्या, आवाज मात्र हळू. अण्णांना खुर्ची दिली. अण्णा तिच्या कडेला टेकले. तो शिपाई भिंतीशी उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच नीट बघत होते. माझ्या धाकट्या भावाएवढा असेल. मला त्याची दया येऊ नये म्हणून मी खिडकीकडं बघत राहिले.

साहेबांनी आधी त्याला विचारलं. तो म्हणाला, आरोपीनं झटापट केली, कोट सोडत नव्हता, म्हणून बळ वापरावं लागलं. मग साहेबांनी अण्णांना विचारलं, "तुम्ही कोट धरून ठेवला होता?"

"होय साहेब," अण्णा म्हणाले. "दोन्ही हातांनी."

वकिलांनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं, आता घरी जायचं.

"का धरला?"

"कच्चे टाके होते. ओढला असता तर फाटला असता. आणि कोट माझा नव्हता, साहेब. तुमच्याच माणसाचा होता."

साहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "आणि कोट निघाल्यावर काय केलंत?"

"निघाल्यावर काय करणार? हात जोडले." अण्णांनी दोन्ही हात जोडून दाखवले. उजवा अंगठा डाव्याला लागतच नव्हता.

साहेब शिपायाकडं वळले. "तू छडी उचललीस तेव्हा कोट कुठं होता?"

शिपायानं आपल्या हातांकडं बघितलं. मग म्हणाला, "माझ्या हातात, साहेब."

"मग झटापट कशाची?"

"राग आला होता, साहेब. सगळ्यांसमोर मला हळू, हळू म्हणत होते."

तेवढ्यातच निकाल झाला म्हणायचा. साहेबांनी अण्णांना सांगितलं, अटक नियमानं होती, मारहाण नियमानं नव्हती. याला शिक्षा होईल. वर विचारलं, तुमचं आणखी काही म्हणणं? आणि माझे सासरे, जे घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी मागत नसत, ते म्हणाले, "साहेब, मला गल्लीतून कॉलर धरून नेलं. गल्लीनं बघितलं. मी चोर नव्हतो, हे कुणीतरी गल्लीत येऊन सांगावं."

साहेब म्हणाले, "शिक्षा माझ्या हातात आहे. गल्लीत जाऊन सांगायची सोय खात्यात नाही." बोलताना त्यांना बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं. पण दिसून काय उपयोग, असंच मला वाटलं. घरी येईपर्यंत माझी बडबड थांबली नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "त्याला शिक्षा झाली तर माझं काय झालं?" आणि मशीनपुढं बसले, तोंड भिंतीकडं.

असे काही महिने गेले. दसऱ्याच्या आधी चौकशी केलेल्या त्या मोठ्या साहेबांकडून कापड आलं, समारंभाच्या कोटाचं. अण्णा बंगल्यावर जाऊन माप घेऊन आले. पोटाचं माप सांगताना त्यांच्या आवाजात जरा मजा होती, तेवढ्यावरही मी खूश झाले. कोट कच्च्यावर उभा राहिला, हँगरला लागला. ट्रायलला कधी आणू, असा निरोप अण्णांनी पाठवला.

निरोपाचं उत्तर घेऊन तोच शिपाई आला. दुकानाच्या पायरीखाली उभा राहिला, वर चढला नाही. दारात अक्का होत्या. एरवी दारात आलेल्या कुत्र्यालाही पाणी दाखवणारी बाई, पण त्याला त्यांनी पाणी विचारलं नाही.

तो अण्णांच्या पाठीकडं बघत बोलला. "साहेब म्हणाले, ट्रायलच्या आधी तुमची फेरी व्हायची ती होऊ दे. फेरीशिवाय कोट नको." मग खाली बघून म्हणाला, "आणि मी बरोबर चालायचंय. कुणी विचारलं तर मी सांगायचं."

फेरीची गोष्ट साहेबांना कुणी सांगितली, ते आजही मला ठाऊक नाही. "मी नाही," असं वकील म्हणायचे, पण ते पडले वकील.

अण्णांचं मशीन थांबलं होतं. पाठ आमच्याकडं. अक्का माझा हात धरून उभ्या होत्या आणि त्यांची नखं मला रुतत होती. मी मनात म्हणत होते, उठा, अण्णा, उठा की हो. हँगरवरच्या त्या कोटाकडं ते किती वेळ बघत होते कोण जाणे. मग त्यांनी बोटातलं अंगुस्तान काढून ठेवलं आणि मागं न बघता म्हणाले, "अगं, उशी आण."

अक्का धावतच जिना चढल्या. एक उशी पुरली नाही, साहेबांच्या पोटाला दोन लागल्या. लुगड्याची पट्टी त्यांनी करकचून बांधली, आणि त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडातून चकार शब्द नाही. अण्णाच म्हणाले, "अगं, श्वास घ्या म्हण की." तेव्हा त्या म्हणाल्या, "घ्या. मोठा घ्या."

ते निघाले. वर मोठ्या साहेबांचा खाकी कोट, पुढं डोंगराएवढं पोट, खाली धोतर, पायात चपला, आणि शेजारी अर्धं पाऊल मागं, ताठ चालणारा तो शिपाई. मी वर खिडकीत पळाले. फुलवालीच्या टोपल्यांपाशी अण्णा थांबले, त्याच जागी. दोन्ही हात वर केले. खाली घेतले. पुन्हा वर केले. दुकानांतली माणसं बाहेर येऊन उभी होती. हॉटेलवाल्यानं गल्ल्यावरून उशीकडं बघितलं, शिपायाकडं बघितलं, आणि जरा घाबरतच विचारलं, "आज कोण, अण्णा?"

अण्णांनी शिपायाकडं बघितलं. शिपायाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. पण बोलला तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "आमच्या मोठ्या साहेबांचा कोट आहे. अण्णा चालवून बघतायत. त्या दिवशी पण कोटच चालवून बघत होते. चूक माझी होती."

हॉटेलवाल्यानं दोघांपुढं कॉफी ठेवली. अण्णा कट्ट्यावर बसले, उठले, पोटावरून कसंबसं वाकून चपलेला हात लावला आणि त्याच रस्त्यानं, मधोमध, परत आले. मी खिडकीत हुंदके देऊन रडत होते. सांगायला कसली लाज. खाली अक्का दारात तांब्या घेऊन उभ्या होत्या, आधी त्यांनी त्या शिपायाला पाणी दिलं.

अण्णा पायरीवर चढले, नेहमीसारखे दारातच थांबले, खांदा एकदा वर-खाली केला आणि म्हणाले, "काखेत ओढतंय."